मान हलवायची नाही

६ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तू म्हणालीस म्हणून पत्रच लिहिते आहे. फोनवर माझा आवाज चिमणीसारखा येतो, एक अक्षर कळत नाही, हे तुझ्याकडून चार वर्षं ऐकल्यावर मी फोनचा नाद सोडला. आज त्याच आवाजाचं गाऱ्हाणं घेऊन बसले आहे.

आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये महिन्यापूर्वी एक कागद आला. दीड पानाचा. भूल देण्याआधी, पहिला छेद घेण्याआधी आणि पेशंटला टेबलावरून हलवण्याआधी, असं तीनदा सगळ्यांनी थांबायचं आणि एकीनं तो मोठ्यानं वाचायचा. पेशंट कोण, ऑपरेशन कशाचं, कुठल्या बाजूचं, कुठल्या औषधाचं वावडं आहे का, पोट रिकामं आहे का. शेवटी गॉजचे तुकडे आणि सुया मोजून बरोबर भरल्या का. टेबलाभोवतीच्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं, हेही त्यात आहे. वाचायला कोणी तयार होईना, तेव्हा सगळ्यांत नवी म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं.

मावशी, कोणी ऐकत नाही गं. मोठे सर, म्हणजे आमचे मुख्य सर्जन, त्याला 'हजेरी' म्हणतात. मी तोंड उघडलं की विचारतात, झाली का तुझी हजेरी. त्यांचा हात इतका चांगला आहे की त्यांना उलट बोलायची सोय नाही. नावं सांगायची वेळ आली की सगळे हसतात. बारा-बारा वर्षं एकत्र काम केलेल्यांनी एकमेकांना नावं काय सांगायची? काल तर कमाल झाली. पहिला पेशंट यायच्या आधीच चहाच्या खोलीत कोणीतरी दिवसभराच्या सगळ्या कागदांवर बरोबरच्या खुणा करून ठेवल्या होत्या. खाली फक्त माझी सही बाकी होती. ती मी केली, आणि दुपारचा डबा तसाच घरी नेला.

वॉर्डात बदली मिळावी म्हणून अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला आहे. तू एकतीस वर्षं थिएटरमध्ये उभी राहिलीस. तूच सांग, देऊ का?

तुझी चिमणी


१५ फेब्रुवारी

चिमणे,

अर्ज पर्समध्येच राहू दे, पर्स फाटेपर्यंत.

आमच्या वेळी असले कागद नव्हते. सगळं डोक्यात असायचं. सर्जननं हात पुढे केला की न मागता त्यात हवी ती कात्री पडायची. एकतीस वर्षांत माझ्या हातून काही चुकलं नाही. तेव्हा तुझ्या मोठ्या सरांचं म्हणणं मला अगदीच सोडून देण्यासारखं वाटत नाही. ज्याला काम येतं त्याला कागद कशाला?

पण तू सही केलीस ते मला आवडलं नाही. कागद मानायचा नसेल तर मानू नये. खुणा करून ठेवायच्या आणि मानायचा नाही, ही शुद्ध धूळफेक झाली. वाचायचा तर नीट वाच. आणि एक सांगते, हे कुठल्या कागदात नसेल. प्रश्नात उत्तर घालून विचारू नकोस. थिएटरमधला पेशंट घाबरलेला असतो, आणि घाबरलेला माणूस सगळ्याला हो म्हणतो. 'उजवा पाय ना?' म्हटलंस तरी हो, 'डावा ना?' म्हटलंस तरी हो. 'कुठला पाय, हात लावून दाखवा' असं विचार.

सहज विचारते, चष्मा, कवळी, असल्या वस्तू हल्ली पेशंटच्या अंगावरून कधी काढतात? आमच्याकडे वॉर्डातच काढायचे. माझा गुडघा बरा आहे. आईला सांग, उगाच काळजी करू नये.

मावशी


२ मार्च

प्रिय मावशी,

तू म्हणालीस तसं हात लावून दाखवायला सांगते आहे. पेशंट दाखवतात. माझी अडचण पेशंटची नाही, मास्क लावलेल्या सात जणांची आहे. परवा मी दुसऱ्यांदा थांबायला सांगितलं तेव्हा मोठ्या सरांनी पाठ फिरवून सुरी मागितली. भूल देणाऱ्या डॉक्टर बाई तेवढ्या माझ्याकडे बघून थांबतात. बाकीच्यांना ऐकूच येत नसावं. तू फोनवर म्हणायचीस तेच खरं, आवाजच नाही मला. वाचणारीला निदान आवाज तरी असावा.

तू विचारलंस म्हणून सांगते, आमच्याकडेही वॉर्डातच काढतात. अंगठी, चष्मा, कवळी, ऐकण्याचं यंत्र, सगळं एका डब्यात. डब्यावर नाव आणि आतल्या वस्तूंची यादी. तुला अजून या गोष्टींत रस आहे हे बघून मजा वाटली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी तुझं थिएटर सुटत नाही.

तुझ्या हातून एकतीस वर्षांत काही चुकलं नाही. मी त्या मातीची नाही. बदलीचे अर्ज महिनाअखेरीस घेतात. मी देणार आहे.

चिमणी


११ मार्च

चिमणे,

देऊ नकोस. मी मागच्या पत्रात खोटं लिहिलं.

एकदा चुकलं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी. एका शिवणकाम करणाऱ्या बाईचं पोटाचं ऑपरेशन होतं. शेवटी सर्जननं विचारलं, मोजणी बरोबर? मी बरोबर म्हणाले. टाके घातले. तीन आठवड्यांनी ती बाई ताप आणि दुखणं घेऊन परत आली, पुन्हा पोट उघडावं लागलं, आणि आत गॉजचा तुकडा होता. ती वाचली. आजही कुठे शिलाई मशीन चालल्यासारखं वाटलं की मी मनात तिला हात जोडते. सर्जननं सगळं स्वतःवर घेतलं. माझं नाव कुठे आलं नाही, आणि मीही कोणाला सांगितलं नाही. तुझ्या आईलाही नाही.

मोजणी कशी चुकली ते विचारू नकोस. चुकली एवढं खरं. तेव्हा तुझ्यासारखी एखादी पोरगी कागद घेऊन उभी असती आणि 'मोजणाऱ्या दोघींनी आकडा मोठ्यानं सांगा' म्हणाली असती, तर त्या बाईचं पोट दोनदा फाडावं लागलं नसतं. ज्याला काम येतं त्यालाच कागद लागतो गं. ज्याला येत नाही तो बिचारा घाबरून आपणहून दहादा बघतो.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. ठेच मी खाल्ली आहे, तू शहाणी हो. अर्ज देऊ नकोस.

मावशी


२७ मार्च

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचून रडले, मग तोंड धुऊन कामावर गेले. अर्ज दिला नाही. आणि बरं झालं. काल काय झालं ते सांगते.

सकाळी पहिला पेशंट म्हणजे एक म्हातारे गृहस्थ, घड्याळं दुरुस्त करायचे. हर्नियाचं ऑपरेशन. मी नाव सांगायला लावलं, ते हसले आणि मान हलवली. कुठली बाजू, म्हटलं, पुन्हा मान. घाईत होते, म्हणून तू नको म्हणालीस तसंच विचारून बसले, 'उजवी ना?' हो. काय वाटलं कोण जाणे, लगेच म्हटलं, 'डावी ना?' तेवढ्याच आनंदानं हो. पोट रिकामं आहे? हो. मी म्हटलं, बाबा, तुम्ही राजे आहात का? हो.

थिएटरमध्ये हशा झाला. मला हसू येईना. डब्यावरची यादी बघितली, तर चष्म्याखाली लिहिलेलं: ऐकण्याचं यंत्र, एक. मोठे सर हात धुऊन, ग्लोव्ह्ज घालून उभे. मी म्हणाले, "सर, यांना ऐकू येत नाही. यंत्र आणेपर्यंत थांबावं लागेल."

सर म्हणाले, बाजू फाईलमध्ये आहे, मी स्वतः तपासलं आहे. बरोबरच होतं ते. मी कागद छातीशी धरला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. तुझी ती शिवणकाम करणारी बाई डोळ्यांसमोर होती, म्हणून मागे सरले नाही. भूलवाल्या बाईंनी हातातली सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि म्हणाल्या, मीही थांबते.

यंत्र यायला नऊ मिनिटं लागली. कानात बसल्यावर म्हाताऱ्यांनी सगळी उत्तरं खणखणीत दिली. नाव बरोबर. बाजू डावी, फाईलप्रमाणेच. पोट रिकामं आहे का, तर म्हणाले, नाही हो, सकाळी शेजारच्या पलंगावरच्यांनी चहा-बिस्किटं दिली ना, चार खाल्ली. भरल्या पोटी भूल दिली तर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जातं. भूलवाल्या बाई पांढऱ्याफटक पडल्या. ऑपरेशन आजवर ढकललं.

आज तेच पेशंट, तेच टेबल, कानात यंत्र. मी कागद उघडला. मी काही म्हणायच्या आत मोठ्या सरांनी स्वतःचं नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, शाळेत सांगतात तसं. पुढे म्हणाले, सर्जन. मग एकेकानं सांगितलं. बारा वर्षं ज्यांना सगळे नुसतं 'दादा' म्हणत होते त्या टेबल सरकवणाऱ्या दादांचं खरं नाव आज पहिल्यांदा सरांना कळलं. कोणी हसलं नाही. ऑपरेशन छान झालं. निघताना सर म्हणाले, "ती कालची गोष्ट कागदावर घाल. पेनानं का होईना."

म्हणून मी शेवटी दोन ओळी लिहिल्या: 'ऐकण्याचं यंत्र प्रश्न संपेपर्यंत कानातून काढू नये. मान हलवली म्हणजे उत्तर धरू नये, बोलून घ्यावं.' त्या कागदाची एक प्रत तुला पाठवते आहे. हे खरं म्हणजे तुझंच आहे. तू प्रश्न कसा विचारायचा ते शिकवलं नसतंस आणि ते दुसरं पत्र लिहिलं नसतंस, तर मी काल नुसती सही करून बदलीची वाट बघत बसले असते, आणि म्हातारे कुठे असते ते देव जाणे. तुझे उपकार मानले तर तू रागावशील, म्हणून मानत नाही. पण आहेत.

चिमणी


९ एप्रिल

चिमणे,

कागद मिळाला. चारदा वाचला. माझ्या एका जुन्या मैत्रिणीकडे दोन-तीन आठवडे राहायला जाते आहे. पत्र आलं नाही तर काळजी करू नकोस, फोनही करू नकोस, तिच्याकडे नीट लागत नाही.

तू फार चांगलं काम केलंस. हे नुसतं लिहायचं म्हणून लिहिलेलं नाही.

मावशी


६ मे

चिमणे,

आधी बसून घे. मग वाच.

मी मैत्रिणीकडे गेले नव्हते. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, इथल्याच दवाखान्यात. आता घरी आहे, भिंतीला धरून स्वयंपाकघरापर्यंत जाते. शेजारीण दोन वेळा डोकावून जाते. तुला का सांगितलं नाही, ते सांगते. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, आमच्याकडेच कर. आणि भरती करताना पहिल्याच प्रश्नाला तुला कळलं असतं.

मला ऐकू येत नाही. दहा वर्षं झाली. हळूहळू गेलं. समोरच्याचे ओठ बघून भागायचं, पण थिएटरमध्ये सगळ्यांच्या तोंडावर मास्क. त्या शिवणकामवाल्या बाईच्या वेळी मोजणारी दुसरी मुलगी मास्कआडून म्हणाली होती, 'एक कमी.' मला ऐकू आलं नाही. पुन्हा विचारायची लाज वाटली. मी मान हलवली, आणि सर्जनला म्हणाले, बरोबर. म्हणून मी निवृत्तीला दोन वर्षं असतानाच नोकरी सोडली. लोकांना सांगितलं, गुडघे दुखतात.

आणि तुला सांगत राहिले, तुझा आवाज चिमणीचा. पोरी, तुझा आवाज कधीच लहान नव्हता. माझे कान गेले होते. तू थिएटरमध्ये उभी राहून 'मला आवाजच नाही' असं लिहिलंस, ते वाचून मला जेवण गेलं नाही. तरीही खरं लिहायचं धाडस झालं नाही. मला माफ कर.

आता पुढचं ऐक. दोन वर्षांपूर्वी यंत्र घेतलं आहे, पण लावत नाही. लावलं की म्हातारी झाल्यासारखं वाटतं. भरती झाले तेव्हाही पर्समध्ये होतं. तिथल्यांना माहीत, ही जुनी थिएटरची सिस्टर. तुम्हाला काय विचारायचं सिस्टर, म्हणत त्यांनी भराभर फॉर्म भरला. काय काय विचारलं देव जाणे. मी सगळ्याला मान हलवली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ऑपरेशनच्या सकाळी अंगठी, चष्मा आणि यंत्र डब्यात गेलं.

पण तुझा तो कागद मी बरोबर नेला होता. का, ते मलाच नीट सांगता येणार नाही. भीती वाटत होती, आणि तुझं अक्षर जवळ असावं असं वाटलं. तिथल्या सिस्टरला म्हटलं, हा माझ्या भाचीनं पाठवलाय, फाईलला लाव. तुझ्याच वयाची मुलगी, गालावर तीळ. तिनं हसून लावला.

आत नेल्यावर ती त्यांचा कागद घेऊन वाचायला लागली. मला नुसता हलणारा मास्क दिसत होता. मी मान हलवत होते. मध्येच ती थांबली. फाईलला लावलेल्या तुझ्या कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि डब्यावरची यादी काढली. सगळ्यांना हात करून थांबवलं. जरा वेळानं माझं यंत्र आलं, तिनं ते स्वतःच्या हातानं माझ्या कानात बसवलं, आणि पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली.

कुठल्या औषधाचं वावडं आहे का, म्हणाली. मी म्हटलं, आहे. वीस वर्षांपूर्वी एका इंजेक्शननं माझा घसा बंद झाला होता, अर्ध्या तासात जीव जायचा राहिला. मी औषधाचं नाव सांगितलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी ट्रेमधली भरलेली सिरिंज उचलली, तिच्यावरची चिठ्ठी वाचली आणि बाजूला ठेवली. तेच होतं. फॉर्मवर लिहिलेलं होतं, वावडं नाही. 'वावडं काही नाही ना?' असं विचारलं असणार, आणि मी मान हलवली.

चिमणे, मी आज भिंतीला धरून चालते आहे ती तुझ्या दोन ओळींमुळे. त्या मुलीचे हात धरून मी रडले. तुझे धरायचे राहिले आहेत.

तुझी मावशी


१० मे

मावशी,

तुझ्यावर इतकी रागावले आहे की काय लिहू ते कळत नाही. आईला पत्र वाचून दाखवलं, ती तर लगेच बॅग भरायला लागली. एकटीनं ऑपरेशन केलंस. एकटीनं. मैत्रिणीकडे जाते म्हणे. आणि आम्ही इथे, मैत्रीण भेटली की तू आम्हाला विसरतेस, म्हणून गमती करत बसलो होतो.

राग झाला. आता दुसरं. त्या तीळवाल्या सिस्टरचा पत्ता पाठव. मला तिला पत्र लिहायचं आहे. ती थांबली नसती तर आज मला पत्र कोणाला लिहायचं हाही प्रश्न उरला नसता. कालपासून जेवताना, अंघोळ करताना, कधीही, मनात एकच येतं: तू आहेस. आहेस म्हणून भांडता येतं आहे.

काल मोठ्या सरांना विचारलं, सर, माझा आवाज लहान आहे का हो? ते चष्म्यावरून बघत राहिले. म्हणाले, "लहान? शेजारच्या थिएटरमध्ये आमची हजेरी ऐकून ते लोक त्यांची उरकून घेतात."

चार वर्षं, मावशी. पण तुला माफ केलं. तू चूक लपवलीस, तरी मला उपयोगी पडेल तेव्हा अर्धी का होईना काढून दाखवलीस, आणि तेवढ्या अर्ध्यानं दोन माणसं वाचली. त्यातली एक तू.

हे पत्र ज्याच्या मागच्या बाजूवर लिहिते आहे तो माझा बदलीचा अर्ज आहे. कागद चांगला होता, वाया का घालवा.

शनिवारी आई आणि मी येतो आहोत. आल्या आल्या कागद वाचणार आहे. सगळी उत्तरं बोलून द्यायची. मान हलवायची नाही.

चिमणी


१३ मे

चिमणे,

तयारी म्हणून उत्तरं आधीच लिहून ठेवते. खुणा आधी केल्या म्हणून रागावू नकोस, तू आलीस की पुन्हा तोंडी देईन.

नाव: तुला ठाऊक आहे, तरी नियम म्हणून सांगते. तुझी मावशी.

ऑपरेशन कुठलं: उजवा गुडघा. हात लावून दाखवला आहे.

वावडं: आहे. औषधाचं नाव मोठ्या अक्षरात लिहून दारामागे चिकटवलं आहे, पर्समध्येही एक चिठ्ठी आहे.

पोट: तुम्ही येईपर्यंत रिकामं ठेवणार आहे. तिघी मिळून जेवू.

यंत्र: कानात आहे. सकाळी उठल्यावर लावते, झोपताना काढते. म्हातारी दिसते. दिसू दे.

आणखी काही सांगायचं आहे का, असं तुझ्या कागदात नाही, पण असायला हवं. मला सांगायचं आहे. त्या शिवणकामवाल्या बाईला मी काल पत्र लिहिलं. खरं काय झालं होतं ते सगळं. तिचं उत्तर येईल, न येईल. लिहून झाल्यावर तुझे आभार मानले. तू समोर नव्हतीस, तरी मोठ्यानं मानले.

शनिवारी खालची बेल वाजवू नकोस. जिन्यातूनच हाक मार, तुझ्या नेहमीच्या आवाजात. माझी मी उठून दार उघडीन.

मावशी